विनू, तुझा अजगर शांत झाला नव्हता

विनू, तुझ्या अजगराने आज पुन्हा माझ्या हातावर घाण केली. नुसती घाण असती तरी चाललं असतं. शेपटीपासून तो जो वेगळा, चिकट, कुबट वास सोडतो ना, तोसुद्धा सोडला. तू म्हणायचास, घाबरला की सोडतो. सोडो बापडा. मी साबण लावला, लिंबू चोळलं, लॅबमधून आणलेलं स्पिरिट ओतलं. हे लिहितेय तेही त्याच हाताने, आणि मधूनमधून हात नाकाशी नेऊन बघतेय, वास गेला का. नाही गेलेला.

तुझ्यावरच्या लेखाची सुरुवात अशी होऊ नये, हे मला कळतं. देवधरकाकांनी इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी चार ओळी मागितल्यात. 'मंजिरी, छान लिही हं, मनमिळाऊ होता, हसतमुख होता, असं काहीतरी.' मी कागद घेऊन बसले आणि मनमिळाऊपाशीच अडकले. तू कुठला मनमिळाऊ? मंडळाच्या पिकनिकला झाडाखाली एकटा बसून सरड्यांची पुस्तकं वाचणारा माणूस तू. त्या चार ओळी दुसरं कुणी लिहील. मला जे लिहायचंय ते अंकात छापण्यासारखं नाही, म्हणून सरळ तुलाच लिहिते.

तू गेल्याचं कळवायला मी एकेकाला फोन करत होते. पलीकडचा माणूस आधी 'अरे देवा' म्हणायचा, मग थोडा थांबायचा, मग आवाज खाली आणून विचारायचा, 'तो साप का गं?' एखाद्याने नाही, बहुतेकांनी विचारलं. मी सांगायचे, हार्ट. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीपर्यंत पोचला होता. पलीकडे जरा विरस झाल्यासारखं वाटायचं. रडू यायच्या आधी मला शिसारी आली, विनू. नवरा गेल्यावर पहिल्यांदा काय वाटतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

मी दिवसभर लोकांची थुंकी, लघवी, रक्त काचेवर घेऊन बघते. त्याची मला कधी किळस आली नाही. तू त्यावरूनच मला चिडवायचास, की जिला कशाचंच काही वाटत नाही ती एका गरीब सापाला नाक मुरडते. मुरडते. अजूनही मुरडते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तू त्याला उशीच्या अभ्र्यात घालून आणलंस. माझ्याच चांगल्या अभ्र्यात, ज्यावर मी लग्नाआधी भरतकाम केलं होतं. मी पोळ्या लाटत होते. तू ओट्यावर अभ्रा ठेवलास आणि तो हलला. 'बॉल पायथन,' तू म्हणालास. 'छोटा असतो, यार. आफ्रिकेतून आलाय. आपल्यासारखाच इमिग्रंट.' मी म्हटलं, 'आपण रांगेत उभं राहून व्हिसा काढला, आणि आपण उंदीर खात नाही.' तू इतका हसलास की आपली केतकी झोपेतून उठली.

आणि उंदरांचं काय केलंस? आपल्या शाकाहारी घरात, फ्रीझरमध्ये, मी खोवून ठेवलेल्या नारळाच्या पिशवीला लागून दुकानातून आणलेल्या गोठवलेल्या उंदरांची पिशवी ठेवलीस. मी मोदकांसाठी हात घातला तर हाताला शेपटी लागली. सगळा नारळ फेकला मी. त्या वर्षी गणपतीला मोदक झाले नाहीत. लोकांना काय सांगू? तू सांगितलंस, 'नारळ खवट निघाले.' वर तो उंदीर कोमट पाण्यात सोडायला माझं कढीचं पातेलं घेतलंस. ते पातेलं मी पुन्हा कधी चुलीवर चढवलं नाही. आत्ताही ते गॅरेजमध्ये आहे, आणि गॅरेजमध्ये गेले की त्याच्याकडे बघणं मी टाळते.

तू त्याला गुंडू म्हणायचास. नव्या जागेत त्याने कितीतरी दिवस काही खाल्लं नाही आणि तू रोज माझ्याजवळ येऊन बसायचास, आई आजारी असल्यासारखं तोंड करून. दिवा बदललास, खाली गरम होणारी गादी घातलीस, त्याच्या काचेच्या टाकीला तीन बाजूंनी काळा कागद लावलास. 'त्याला वाटतंय चारी बाजूंनी कुणीतरी बघतंय,' तू म्हणालास. आणि ज्या दिवशी त्याने उंदीर गिळला, त्या दिवशी तू मला बाहेर जेवायला नेलंस. मी रेस्टॉरंटमध्ये बसून नूडल्सकडे बघत होते आणि मला ते जाईनात.

मग तुला तो चावला. तू पाण्याचा वाडगा बदलत होतास. त्याचे डोळे दुधाळ झालेले, कात टाकायच्या आधी होतात तसे, आणि तुझा हात वरून आला. काय झालं ते दिसलंसुद्धा नाही, नुसता फट्ट आवाज. तू हात घेऊन स्वयंपाकघरात आलास, मनगटावर टाचणीने टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके, अर्धगोल. मी आयोडीन लावत होते आणि तुझ्या बापजाद्यांचा उद्धार करत होते, आणि तू खुशीत.

'बघ, लगेच सोडलं त्याने,' तू म्हणालास. 'भूक लागली असती तर धरून विळखा घातला असता. हे नुसतं, लांब हो, असं सांगणं आहे.'

'भलताच रागीट आहे.'

'रागीट नाही गं. घाबरलाय.'

'चावलेल्याला काय फरक पडतो?'

'खूप पडतो. समोरचा रागावलाय असं वाटलं की आपण समजूत काढायला आणखी जवळ जातो. घाबरला असेल तर मागे व्हायचं असतं. दोन्हीत घोटाळा झाला की चावा ठरलेला.'

आयोडीनची बाटली बंद करताना मी म्हटलं की मला घरात असलं काही नकोच आहे ज्याच्यापुढे मागे व्हावं लागेल. तू म्हणालास, 'मग माझ्याशी लग्न कशाला केलंस?' भांडण तिथेच राहिलं, कारण केतकीला खोकला झाला होता आणि तिला औषध द्यायचं होतं. ते मी अजून सोडलेलं नाही. चावा तो चावा. कारण कळलं म्हणून रक्त थांबत नाही.

पण त्याच संध्याकाळी तू मला आणखी एक सांगितलंस. तुझ्या आईही होत्या तिथे. त्या नागपूरहून नुकत्याच सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि टाकीसमोरच्या खुर्चीत वाती वळत बसल्या होत्या. तू टाकीत हात घातलास आणि गुंडू घट्ट गोळा झाला, डोकं मध्ये खुपसून, नारळाएवढा. आई म्हणाल्या, 'बघ कसा शहाण्यासारखा झोपला.' तू म्हणालास, 'नाही आई, फुत्कारतो तोवर त्याला वाटत असतं की समोरच्याला हाकलता येईल. असा गोळा झाला की समजायचं, त्याने हाय खाल्ली. याहून जास्त तो घाबरू शकत नाही.' आई 'हो का' म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली.

नंतर माझ्या लक्षात आलं की आईंवर तो कधी फुत्कारत नसे. आपण दोघं कामावर गेलो की त्या तासन्‌तास तिथे बसायच्या, हालचाल म्हणून नाही, आणि तो बाहेर येऊन काचेला लागून पडून राहायचा. त्या त्याला सगळं सांगायच्या, नागपूरच्या शेजारणी, तुझ्या बाबांचं आजारपण, सगळं. मला हसू यायचं, आणि थोडी मत्सराची कळही यायची, कारण मला त्या एवढं कधी सांगत नसत.

आता दहाव्याचं सांगते. तू नव्हतास म्हणून तुझं नशीब.

तुझे दादा डेट्रॉइटहून आले. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे न बघता टाकीकडे बघितलं आणि आईंना विचारलं, 'हे अजून घरात आहे?' देवधरकाका सगळं सामान घेऊन आले. आठवडाभर विमानाच्या पंखांची गणितं करणारे काका शनिवार-रविवार आपले भटजी. त्यांना पाठ नसलेले मंत्र कॅसेटवर असतात हे तुला ठाऊक आहे. पाऊस होता, म्हणून टेप रेकॉर्डर भाजीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता आणि पिशवीतून मंत्र गुदमरल्यासारखे येत होते. दादा पँटवरच सोवळं नेसून, डोक्याला लोकरीची टोपी घालून बसले. मागच्या अंगणात, कुंपणाशी, कागदी प्लेटमध्ये पिंड.

आपल्या बेलव्ह्यूत कावळ्यांची काय कमी? संध्याकाळी आभाळ काळं करतात. त्या दिवशीही होते, फरच्या झाडावर ओळीने बसलेले. बघत होते सगळे. एकही खाली येईना. भात पावसात विरघळायला लागला. मग सुरू झालं ते. दादा उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, 'विनू, आईची काळजी करू नको.' कावळा नाही. 'केतकीचं शिक्षण आम्ही करू.' कावळा नाही. एक काकू पुढे होऊन म्हणाल्या, 'मंजिरीला आम्ही एकटी पडू देणार नाही.' कावळ्याने पंख झटकले आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. मी डेकवर छत्री धरून उभी होते आणि मला तुझा आवाज ऐकू यावा असं फार वाटत होतं. तू खदाखदा हसला असतास. शेवटी काकांनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. शास्त्रात बसतं म्हणाले. बसलं असेल. मनात मात्र कुणाच्याच बसलं नाही.

सगळे आत आले. ओले कोट, उदबत्त्या, कार्पेटवर धप्प धप्प पावलं. पोरांनी तुझा काळा कागद ओरबाडून काढला आणि काचेवर टकटक सुरू केली. गुंडूने मान मागे ओढून वाकडी केली आणि फुत्कारायला लागला. कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा आवाज, थांबेचना. सगळे टाकीकडे बघायला लागले.

मघाच्याच काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, 'विनूचा जीव फार होता हो याच्यात.'

बस्स, एवढंच पुरलं. एम.एस. झालेली, पीएच.डी. झालेली माणसं ही, विनू. तुझ्यासोबत चिपच्या डिझाइनवर वाद घालणारी. एकेक जण टाकीकडे सरकायला लागला. कावळ्याला जे सांगितलं ते आता सापाला सांगायला सुरुवात. दादा सगळ्यात पुढे. 'विनू, आईला मी अंतर देणार नाही.' फुत्कार. ते आणखी जवळ गेले. 'विनू, तुझं नाव राखू.' फुत्कार. मग त्यांनी दोन्ही हात काचेला टेकवले, चेहरा काचेशी नेला आणि म्हणाले, 'मंजिरीला आणि केतकीला मी नागपूरला पाठवून देतो. आईजवळ राहतील त्या. शब्द देतो तुला.'

आणि गुंडू गोळा झाला. डोकं आत, आवाज बंद.

'बघा,' दादा म्हणाले. 'शांत झाला.'

लोकांनी श्वास सोडला. बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी टाकीच्या झाकणावर फूल ठेवलं, कुणी वाटीभर दूध आणून ठेवलं. देवधरकाका, विंड टनेलचे देवधरकाका, म्हणाले, 'काही गोष्टी आपल्या बुद्धीपलीकडच्या असतात.' मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला माहीत होतं काय झालंय. तू मला सांगून ठेवलं होतंस. कार्पेटवर ट्रे आपटून सांगायला हवं होतं, की अहो, त्याने हाय खाल्लीय, त्याच्या तोंडासमोर एवढं मोठं तोंड आणलंत तुम्ही. पण ओकारी येईल असं वाटलं म्हणून मी तोंड मिटून ठेवलं, आणि खोलीभर माणसांनी माझ्याकडे मायेने बघितलं. त्यांना वाटलं, हिलाही पटलं.

दुसऱ्या दिवसापासून दादांनी फोन धरला. ट्रॅव्हल एजंट, बँक, घर विकून देणारी ती उंच बाई. ती येऊन माझ्या स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघून गेली. 'तू इथं एकटी काय करून राहशील?' दादा म्हणायचे. 'आईला सोबत होईल. पोरीला घर मिळेल. विनूचीही तीच इच्छा आहे, तू पाहिलंच.' तुझे दादा, विनू, जे तुझ्याआधी कितीतरी वर्षं इथे आलेत, ज्यांच्या बायकोने नागपूरला आठ दिवसांवर कधी मुक्काम केला नाही, ते मला आईची सोबत म्हणून नागपूरला धाडत होते. आणि मंडळाच्या बायका डबे घेऊन यायच्या आणि विचारायच्या, 'तिकिटं झाली का गं?'

काय होतं मला तिथे? तुझ्या घरात मागची खोली. सकाळी उठून पाणी भरायचं, सणासुदीला आत बसायचं, हळदीकुंकवाच्या बायका आल्या की चहा करून आतूनच द्यायचा. माझ्या लॅबच्या डिप्लोमाला विचारणार कोण? इथे मी पहाटेच्या शिफ्टला गाडी काढते, वायपर लावते, तळ्यावर तरंगणाऱ्या फ्लोटिंग ब्रिजवरून जाते आणि त्या वेळात मी कुणाची सून नसते, कुणाची कुणीच नसते. मायक्रोस्कोपपाशी बसले की डॉक्टर माझ्या शब्दावर थांबतात. तू मला इथे आणलंस ते तुझ्यामागून, पण इथे मी झाले ती माझी मी. ते सगळं एका सापाच्या गोळा होण्यावरून जाणार होतं.

रविवारी ती बाई अंगणात पाटी रोवायला येणार होती. दादा जेवणाच्या टेबलावर तिकिटांचे लिफाफे पसरून बसले होते, आई खुर्चीत. माझं काय बिनसलं कोण जाणे. मी टाकीचं झाकण काढलं आणि हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा. थंड नसतो तो, कोरडा असतो, हे तू म्हणायचास आणि मी विश्वास ठेवला नव्हता. अंगावर सर्रकन काटा आला. माझ्या हातात येता येता तो गोळा झाला, घट्ट, आणि मी तो गोळा नेऊन दादांसमोर लिफाफ्यांवर ठेवला.

दादांची खुर्ची मागे गेली. 'काय पागलपणा लावला आहे?'

'शांत आहे ना हा?' मी म्हटलं. 'त्या दिवशी तुमचा शब्द ऐकून असाच शांत झाला होता. आज कुणी कसला शब्द दिलेला नाही, मी नुसता धरला. मग हा कशाने शांत झाला?'

'उचल ते आधी.'

'तुम्ही उचला. तुमचा भाऊ आहे ना त्यात? तुमचं सगळं ऐकतो ना?'

माझा आवाज, विनू, इतका चढला होता की केतकी जिन्यात येऊन उभी राहिली. तेव्हा आई खुर्चीतून बोलल्या. फार हळू.

'घाबरला की वळते तो तसा. विनूनं सांगितलं होतं मला.'

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. 'तुला माहीत होतं? मग त्या दिवशी बोलली का नाही?'

आईंनी हातातला कापूस मांडीवर ठेवला. 'पोरगी हवी होती मला,' त्या म्हणाल्या. 'विनूचं काहीतरी घरात पाहिजे होतं. तू तर येणार नाहीस.'

 तेवढ्यात गुंडूने त्या लिफाफ्यांवर आणि माझ्या मनगटावर सगळं सोडलं. तो वास. दादा तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले आणि पाटी रोवायला आलेल्या बाईशी अंगणात बोलत राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, 'तुझं तू बघ मग. उद्या काही झालं तर मला फोन नको.' पाटी लागली नाही.

मला आईंचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. माझं आयुष्य घातलं असतं त्यांनी त्या टाकीत, डोळ्यांनी बघत, वाती वळत. सिंकपाशी मी हात खरवडत होते तर त्या मागून आल्या आणि वाटीत बेसन दिलं. 'हे चोळ. साबणानं नाही जात.' मी चोळलं. जात नाही बेसनानेही. पण मी त्यांना सांगितलं, गेला.

काल दादा आईंना घेऊन गेले. आधी डेट्रॉइट, मग तिथून नागपूर. मी केतकीला घेऊन एअरपोर्टवर गेले, गेटपर्यंत. दादा सामानाचं बघत होते. आईंनी केतकीला मांडीवर घेतलं, तिचा स्वेटर नीट केला, आणि तिच्या केसांत तोंड घालून तशाच बसून राहिल्या. माझ्या मनातला राग तेव्हाही होता, तो काही कुठे गेला नव्हता. पण त्यांचा तो गळा, ती हाडं, बघवेना.

मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, 'खरं सांग मंजिरी. सापाचं जाऊ दे. विनू तुला कधी काही बोलला होता का? परत यायचं वगैरे? त्याच्या मनात होतं काही?'

मी म्हटलं, 'नाही आई. कधीच काही बोलला नाही.'

त्यांनी मान हलवली. केतकीला माझ्याकडे दिलं. दादांनी हाक मारली आणि त्या गेल्या. आत जाताना एकदाही वळून बघितलं नाही.

तू बोलला होतास. थंडीच्या सुरुवातीची गोष्ट, आई यायच्या आधीची, मी भाजी निवडत होते. 'केतकी शाळेत जायच्या आत परत जाऊ,' तू म्हणालास. 'आई एकटी आहे. दादा काही जाणार नाही. माझं मन लागत नाही इथे, मंजू.' तू इतकं खरं बोलत होतास की मला पुढचं सुचेना. मेथी खाली राहिली, हात तसेच मांडीवर. तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस. मग तुझा चेहरा उजळला, माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि 'चला, ठरलं तर मग' म्हणत गाडी धुवायला गेलास. शीळ घालत होतास बाहेर. तो आनंद मला अजून आठवतो.

आईंशी मी खोटं बोलले आणि ते मी कधी दुरुस्त करणार नाही. लोक विचारतील तेव्हा तेच सांगेन. तुझी शेवटची इच्छा एकट्या मला ठाऊक आहे आणि ती मी पुरी करणार नाही. तुला सापाच्या मानेच्या वळणावरून कळायचं की तो घाबरलाय. मी तुझ्यासमोर हातभर अंतरावर गप्प बसले होते, विनू, मान खाली घालून. काही ठरलं नव्हतं.